आखणीचा हात

१० फेब्रुवारी २०१४, पेण

डॉक्टरीणबाईंनी सांगितलंय, रोज थोडं लिहायचं आणि उजव्याच हाताने लिहायचं. काय लिहू विचारलं तर म्हणाल्या, "काहीही लिहा, हौसाताई. कुठे काय जाणवलं, कुठे नाही. बाकी मनात येईल ते." माझ्या मनात येतं ते लिहिलं तर कागद पेटेल. सातवी सोडल्यापासून एवढं कधी लिहिलं नव्हतं. अक्षर म्हणजे कोंबडीने उकिरडा उकरलाय. पेन बोटांत आहे हे डोळ्यांना दिसतंय म्हणून खरं मानायचं. डोळे मिटले की पेनही नाही आणि बोटंही नाहीत.

झालं ते असं. संक्रांत नुकतीच झाली होती, माघी गणपतींची आखणी चालली होती. आखणी म्हणजे देवाचे डोळे काढायचे. गोविंदाशेठच्या कारखान्यात बाकीच्या बाया मूर्ती घासतात, रंग मारतात, सोनेरी लावतात. डोळ्यांना मात्र हौसाच, तिथे दुसऱ्याचं काम नाही. तर काम सुरू करायच्या आधी कोरा ब्रश मऊ आहे का बघायला ओठाला लावला आणि ओठच नव्हता! दातवाल्याने सुई मारल्यावर होतो तसा उजवा कोपरा गायब. मला हसूच आलं. मग बघते तर ब्रश मांडीवर पडलेला. उचलला, परत पडला. ताकद म्हणाल तर भरलेली कळशी आजही उचलीन. पण ती उचलली की नाही, हे हाताला कळत नाही. मुका झालाय मेला.

पनवेलला त्या बोगद्यात घालून डोक्याचा फोटो काढला. आमच्या यांची कंपनी रोह्याला, म्हणून औषधपाणी रोह्याजवळच्या अष्टमी गावातल्या डॉक्टरीणबाईंकडे. त्यांनी फोटोत दाखवलं, डोक्याच्या मधोमध, डावीकडे, वालाच्या दाण्याएवढा ठिपका. तेवढ्या जागेचं रक्त अडलं. त्या जागेला थॅलॅमस म्हणतात. नाव तरी कसलं, खोकल्याच्या औषधासारखं.

मी म्हटलं, "अवो बाई, हात उजवा गेला आणि ठिपका डावीकडं, फोटो उलटा तर नाय धरलाव?" त्या हसल्या. म्हणाल्या, वरती जाताना तारा बाजू बदलतात. मग त्यांनी पेणच्या एसटी स्टँडचं सांगितलं. गावोगावच्या गाड्या स्टँडवर येतात आणि प्रत्येक गावाला आपला फलाट. तसा अंगाला कुठेही हात लागला की ती बातमी आधी या थॅलॅमसच्या स्टँडवर येते, आपल्या फलाटाला लागते, आणि मग पुढे मेंदूत जाते. पायाचा फलाट लांब टोकाला. पाठीला एवढीशी जागा. हाताला आणि ओठाला मात्र भरपूर जागा, आणि ते दोघे अगदी शेजारी. नेमका तिथेच खड्डा पडला, म्हणून हात आणि तोंडाचा कोपरा एकदम गेले, पायाला काही झालं नाही.

हे मला पटलं. पण मला खड्डा बुजवून हवाय.

काल गोविंदाशेठ येऊन गेले. परदेशी जाणारा माल एप्रिलमध्ये बोटीवर चढतो. म्हणाले, "हौसाताय, शिमग्यापर्यंत वाट बघतो. हात आला तर पाट तुझा. नाय आला तर हमरापूरच्या पोपटला बोलावतो, माझा विलाज नाय." पोपटचे गणपती बघितलेत मी. सगळे भर झोपेतून उठवल्यासारखे बघतात. माझ्या पाटावर तो बसणार नाही, लिहून ठेवते.

१३ फेब्रुवारी

व्यायाम दिलाय. परातीत वाल आणि तांदूळ मिसळायचे, डोळे मिटून हात घालायचा आणि वाल तेवढे वेचायचे. निडीहून, माझ्या माहेराहून, वालाचं अख्खं गाठोडं आणवलं. डोळे उघडून बघते तर वाटीत नुसते तांदूळ. एकदा तर वाटी रिकामीच, आणि मी वेचतेय वेचतेय!

तव्याला बोटं लागली. मला कळलंच नाही, वास आला तेव्हा बघितलं. यांनी बोंबाबोंब केली. म्हटलं, मला दुखत नाय तर तुम्ही कशाला ओरडता?

कंपनीने यांना कायमचं रात्रपाळीला टाकलंय. बाकीच्यांच्या पाळ्या आठवड्याला बदलतात, यांचीच कशी बदलत नाही? साधा माणूस बघून लादतात मेले. आणि दिवसा गप झोपावं तर ते नाही, स्वयंपाकघरात लुडबुड. "विळी मी घेतो गो, तू लसूण सोल." आयुष्यात कधी कांदा चिरला नव्हता या माणसाने. आता चिरतो तो असा, की एक फोड रोह्याला आणि एक पेणला.

१९ फेब्रुवारी

कारखान्यात गेले. घरात बसून हात काय येणार? शेठ म्हणाले, बस, पाटांना रंग मार. देवाच्या नाही, देवाच्या बुडाखालच्या पाटांना. चालेल. गेले ते दिवस गेले, येतील ते आपले.

मालू माझ्या शेजारीच सरकून बसली. ही रंगवाली पोरगी, विशीतली, हात बरा आहे पण घाई फार. सारखी माझ्या हाताकडे टक लावून बघते. माझ्या पाटावर हिचाही डोळा आहे, मला काय कळत नाही? चहाचा ग्लास मुद्दाम माझ्या डाव्या बाजूला ठेवते. एकदा उचलून उजवीकडे ठेवला, तर परत डावीकडे. म्हटलं, "काय गो, मला डावरी करायला निघालीस?" तर म्हणे, "गरम हाय काकी." चहा गरम नसतो तर काय थंड असतो?

२२ फेब्रुवारी

आज लिहायलाच हवं. हात बोलला!

दुपारी बाया जेवायला गेल्या होत्या. एक फुटकं तोंड पडलं होतं, सोंडेचा टवका उडालेलं. म्हटलं बघू तरी. आखणीच्या पडद्यामागे आपल्या जागेवर जाऊन बसले, पदर ओठात धरला आणि ब्रश घेतला.

पदराचं आमच्या कारखान्यात पहिल्यापासूनचं आहे. देवाचे डोळे उघडताना आपला श्वास, आपली थुंकी देवाच्या तोंडावर पडू नये, म्हणून पदराची घडी ओठांत धरायची. आखणी पुरी होईपर्यंत सोडायची नाही. गोविंदाशेठच्या आईने, बायजाबाईंनी मला आखणी शिकवली ती आधी पदर धरायला शिकवून. ब्रश दोन महिन्यांनी हातात दिला. मागे एका बाईने आखताना तोंड उघडून "पाणी दे गो" म्हटलं, तर म्हातारीने तिला उठवलं ती कायमची.

तर पदर धरला आणि अंगठ्यात काहीतरी आहे असं कळलं. खरंच कळलं! टोकाला, नखाच्या बाजूला, मऊ मऊ काहीतरी दाबून धरल्यासारखं. डोळे मिटले तरी कळतंय. मी तशीच बसून राहिले, रडू आलं. ब्रशचा दांडा एवढा मऊ कधी लागला नव्हता, पण इतक्या दिवसांनी भेट झाली तर लागणारच. मग डोळे काढले. वाकडे आले, पण आले.

घरी येऊन यांना उठवून सांगितलं. 

२५ फेब्रुवारी

घरी वाल वेचायला बसले, काही कळत नाही. परातीत हात म्हणजे लाकूड. कारखान्यात पडद्यामागे बसलं, पदर धरला, की अंगठा जागा होतो. असं का? मी खूप विचार केला. घरी मन लागत नाही, हेच कारण. तिथे देव समोर असतो. ज्याचं काम त्यालाच त्याची काळजी. डॉक्टरीणबाईंना हे फलाट-बिलाट ठीक आहे, पण ही गोष्ट त्यांच्या पुस्तकात नसणार.

शेठना सांगून टाकलं, अंगठा आला, बोटंही येतील. त्यांनी माझ्यासमोरच पोपटला फोन लावला, "बाबा, तू दुसरीकडं बघ, आमची हौसाताय उभी राहिली." कान तृप्त झाले.

२ मार्च

पोपट जोह्याच्या एका कारखान्यात लागला म्हणतात. लागू दे बिचारा, त्यालाही पोट आहे.

मी फुटक्या तोंडांवर रोज आखणी करते. रेष पूर्वीसारखी पळत नाही, पण अंगठा सांगतो ब्रश आहे म्हणून, मग मी पूर्वीसारखी हाताकडे न बघता देवाकडे बघते. आखणी तशीच करायची असते. हाताकडे बघणारा शिकाऊ.

मालू म्हणते, "काकी, तुम्ही ब्रश लई घट्ट धरता, बोटं पांढरी पडतात. आणि मदेच सोडता." म्हटलं, "तू तुझ्या उंदराला रंग मार."  तिला बोलले ते बरं केलं. नाचता येईना अंगण वाकडं, यातली ती गत.

६ मार्च

 

परदेशी मालातली पहिली मूर्ती आज समोर आली. हातभर उंच, अंगाचा रंग असा की केशर कालवल्यासारखा. पदर धरला. अंगठा बोलायला लागला. डावा डोळा झाला, चांगला झाला. उजव्याची वरची कड घ्यायला सुरुवात केली आणि मालू किंचाळली, "काकीऽऽ!"

देवाच्या डोळ्यापासून सोंडेवरून खाली दातापर्यंत काळा ओघळ. ब्रश बोटांत फिरला असणार, उलटा झाला, घसरत गेला आणि माझ्या मांडीवर पडला. पण ब्रश खाली पडलेला मला दिसतोय आणि अंगठा मात्र सांगतोय, आहे, धरलंय, घट्ट धरलंय! हात रिकामा, आणि अंगठ्यात मऊ मऊ वस्तू. मी घाबरून तोंड उघडलं, पदर सुटला. अंगठा मुका. पदर परत ओठात धरला. अंगठा भरला. सोडला, मुका. धरला, भरला. मी पडद्यामागे वेड्यासारखी तेच करत बसले.

शेठ धावत आले. मी काही बोलायच्या आत मालू म्हणाली, "माजा धक्का लागला. मी पानी ठेवायला वाकले." शेठ तिला नको नको ते बोलले. उद्यापासून घासकामाला बस म्हणाले. आणि मी तोंड उघडलं नाही. पोरगी मान खाली घालून ऐकत होती.

हिने असं का केलं? माझी जागा हवी असती तर आज हिला बोलायचंही नव्हतं, नुसतं गप राहायचं होतं.

८ मार्च

सकाळच्या गाडीने रोह्याला. हे रात्रपाळी करून नुसते तोंड धुऊन माझ्यासाठी स्टेशनवर थांबलेले. त्यांच्या खात्यातला एकजण भेटला, म्हणतो, "काय गुणाजी, भेटली ना मागितलेली रात्रपाळी? आता कटाळलास का?" हे त्याला दटावत पुढे गेले. काहीतरी कंपनीतली चेष्टा.

पूल ओलांडून दवाखान्यात गेलो. मी डॉक्टरीणबाईंना घडलं ते सगळं सांगितलं, खोटं काही नाही. म्हटलं, बाई, डोकं फिरलं का माझं? भुताटकी हाय का काय?

त्यांनी मला डोळे मिटायला लावले. म्हणाल्या, मी कापूस लावीन, कुठे लागला ते सांगायचं.

"पाऊल."

"बरोबर."

"डावा हात."

"बरोबर."

"अंगठा. उजवा."

बाईंनी कापूस पुन्हा लावला. "परत सांगा."

"अंगठाच. टोकाला."

"आता?"

"तर्जनी... नाय, अंगठा आणि तर्जनी."

"डोळे उघडा, हौसाताई."

कापूस माझ्या ओठाच्या कोपऱ्यावर होता. हात मांडीवर होता, त्याला कोणी शिवलंच नव्हतं.

बाई म्हणाल्या, हे होतं काहीजणांना. हाताच्या फलाटावर गाड्या यायच्या बंद झाल्या. जागा ओस पडली. शेजारच्या ओठाच्या गाड्या हळूहळू तिथे लागायला लागल्या. पण पुढे मेंदूत जो बसलाय तो अजून जुनी पाटीच वाचतोय. ओठाला पदर लागला की तो सांगतो, अंगठा आला. "तुम्हाला वेड लागलेलं नाही. तुम्हाला जाणवलं ते खरंच जाणवलं. फक्त ते अंगठ्याचं नव्हतं."

मी विचारलं, "खरा अंगठा कदी येईल?"

"थोडा येईल. किती, ते मी सांगू शकत नाही. खोटी आशा लावणार नाही. पूर्वीसारखा बहुतेक नाही येणार."

पुलावर येईपर्यंत मी सरळ चालले. मग कठड्याला धरून उभी राहिले आणि मोठ्याने रडले, येणारेजाणारे बघत होते तरी. खाली कुंडलिकेला भरती होती. मी यांना म्हटलं, "माजा हात मेला. माज्या आदी मेला." हे बापडे गोंधळले. म्हणाले, "मेला कसा? ह्यो काय हात. दिसतोय ना?" इतका राग आला! म्हटलं, दिसतोय म्हणून काय आरती ओवाळू?



११ मार्च

भाकरी भाजताना लक्षात आलं. सकाळी मागच्या दारात चूल मांडली तर हातातून काही पडत नाही. कालवण आतल्या अंधारात केलं तर पळी पडते, झाकण पडतं. हात तोच. फरक काय? तर दारात मी हाताकडे बघत असते.

दिसतोय ना, म्हणाले होते हे. कधीकधी या माणसाच्या तोंडून चुकून बरं निघतं.

बातमी एका रस्त्याने येत नसेल तर दुसऱ्याने आणायची. अंगठा सांगत नाही, तर डोळ्याने विचारायचं. मी आयुष्यभर हाताकडे न बघता आखणी केली, तीच माझी ऐट. आता शिकाऊ पोरीसारखं हाताकडे बघून करायची. लाज वाटते. वाटू दे.

१३ मार्च

फुटकी तोंडं घरी मागवली. मालूने आणून दिली, घासकामाच्या ढिगातून काढून. मी पडवीत उन्हाकडे तोंड करून बसते. डाव्या हाताची करंगळी मूर्तीच्या गालाला टेकवायची, तिच्यावर उजव्या हाताचं मनगट ठेवायचं. डाव्याला सगळं कळतं, तो टेकू. उजव्याने फक्त डोळ्यांचं ऐकायचं. रेष ओढायच्या आधी एकदा ब्रशकडे, एकदा देवाकडे, परत ब्रशकडे. सूनमुख बघतात तसं नाही, चोरावर ठेवतात तशी नजर.

पदर धरून केलं तर हात लगेच खोटं बोलायला लागतो आणि मला विश्वास ठेवावासा वाटतो. इतकं गोड वाटतं ते. तोंडाला रुमाल बांधून बघितला, तरी तेच, रुमालही ओठाला लागतो. ओठाला काहीही लागता कामा नये. म्हणजे उघड्या तोंडाने आखणी! कारखान्यात हे कोण चालवून घेणार? बायजाबाईंना सांगणं म्हणजे आगीतून फुफाट्यात.

तरी सांगायचं. लपवून पाट घेतला तर पहिल्याच मूर्तीला परत ओघळ येईल. आणि त्या पोरीने फुकट शिव्या खाल्ल्या आहेत.

१४ मार्च

सांगितलं. सगळ्यांसमोर.

शेठना म्हटलं, "धक्का मालूचा नव्हता. ब्रश माज्या हातातून गेला. अंगठा आला म्हणून सांगितलं तेपन खरं नव्हतं, मला खरं वाटलं होतं एवढंच."

शेठ लालबुंद झाले. "अगो बाय माजे, पोपट गेला ना जोह्याला! आता परदेशी माल काय आंधळा पाठवू?"

"मी करते. दिवसाउजेडी, दारात बसून. दिवे लागले की ब्रश ठेवीन. शिमगा झाला की एक मूर्ती द्या. बिघडली तर आपल्या आपण उठून जाईन, तुम्हाला सांगायला नाय लागायचं."

"दारात? वाऱ्यावर? धूळ बसंल ओल्या रंगावर."

मालू ढिगामागून बोलली, "मी प्लास्टिक धरीन शेठ. वारा आला तर."

शेठ पाघळतच होते, तेवढ्यात मी पदराचं सांगितलं. बायजाबाई कोपऱ्यात बसून शाडू मळत होत्या. ऐंशीच्या घरातली बाई, ऐकायला कमी येतं म्हणतात, पण हे बरोबर ऐकलं. मातीचा हात तसाच धरून म्हणाल्या, "उघड्या तोंडानं देवाचं डोळं? मी हाय तवर नाय."

"आई, पदर धरला की हात..."

"नाय म्हनलं ना गो."

त्यांच्यापुढे शेठही बोलत नाहीत, मला हळूच एवढंच म्हणाले, "शिमगा झाला की एक मूर्ती देतो, आईचं तू बघ." मी मालूकडे गेले, म्हटलं, चल, रंगाला बस. ती म्हणाली, "काकी, चहा घेता का?" आणि ग्लास डावीकडे ठेवला. मी उचलून प्यायले.

१६ मार्च

शिमगा. होळीला नारळ दिला. बायकांनी विचारलं, काय मागितलंस? काही मागितलं नाही. हात भाजून घेऊ नये म्हणून हे माझा दंड धरून उभे होते, होळी पेटल्यापासून विझेपर्यंत.

१८ मार्च

सकाळी लवकर गेले. मालूने पाट दाराशी आणून ठेवला होता. मूर्ती समोर होती, छोटीच, बिनडोळ्यांची. बाया घासायचं सोडून बघत होत्या. शेठ मूर्तीपासून लांब, भिंतीला टेकून उभे. भक्त बसतो तेवढ्या अंतरावरून डोळे बघायचे, ही त्यांची पद्धत.

मी बसले. पदर कमरेला खोचला. कुणीतरी च्यक् केलं.

आणि बायजाबाई उठल्या. काठी टेकत टेकत आल्या. मला वाटलं, आता हात धरून उठवणार. मी म्हटलं, "आई, माझं ऐका एकदा. देवाला श्वास लागू नये हे मला पण कळतं. पण पदर ओठाला लागला की माजा अंगठा खोटं बोलतो. खोटा हात देवाला लावायचा का उघडं तोंड, तुमीच सांगा. मला शिकवलंत तुमी."

म्हातारीने माझ्याकडे बघितलं. मग म्हणाली, "ओठाला लागला नाय पायजे?"

"नाय."

"आनि मूर्तीवर श्वास नाय पडला पायजे."

"नाय."

तिने मालूकडे काठी दिली. माझ्या शेजारी गुडघे धरत धरत खाली बसली, स्वतःचा पदर डोक्यावरून काढला, दोन्ही हातांनी ताणला आणि माझ्या तोंडासमोर आडवा धरला. ओठांपासून लांब, खालची कड हनुवटीच्या खाली, वरची नाकाशी, वरून मला देव दिसेल आणि ब्रश दिसेल असा. ऐंशीच्या बाईचं डोकं उघडं, सगळ्या कारखान्यासमोर.

"कर," म्हणाली. "माजे हात दुखायच्या आत."

मी केलं. अंगठा पूर्ण मुका होता. एक शब्द बोलला नाही. ब्रशकडे बघितलं, देवाकडे बघितलं, ब्रशकडे बघितलं. डाव्या करंगळीला मूर्तीचा गार गाल लागत होता, तेवढंच काय ते शिवलेलं मला कळत होतं. वरची कड. खालची कड. बुबुळ. मध्ये थांबले, बोटं पांढरी पडलीत का बघितलं, सैल केली. बायजाबाईंनी धरलेला पदर हलला नाही. माझ्या पूर्वीच्या आखणीला लागायचा त्याच्या चौपट वेळ लागला. शेवटी बुबुळात पांढरा ठिपका ठेवायचा असतो, चमक. ब्रश टेकवला आणि उचलला.

 डोळे पूर्वीसारखे नाहीत. माझी पूर्वीची नजर तरतरीत होती, ही थांबून बघते. बिघडले म्हणावं तर बिघडले नाहीत. मी ब्रश ठेवला आणि उठायची तयारी केली, शब्द दिला होता म्हणून.

शेठ भिंतीपाशी उभे होते. देवाची नजर पाठोपाठ येते का बघत त्यांनी मान एकदा डावीकडे केली, एकदा उजवीकडे. मग जवळ येऊन त्यांनी आईला दंडाला धरून उठवलं, आणि माझ्याकडे न बघताच म्हणाले, "मालू, पुढची आन."

मालू मूर्ती घेऊन धावतच आली. माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि मला डोळ्यांचंच तर काम होतं. ते मी डाव्या हाताने पुसलं आणि म्हटलं, "जरा उजेडाकडं सरकव गो."